चौथी पुस्तिका यायच्या आधी

भागिरथी भिंगारदिवे आमच्या शाळेत शिपाई होती. श्रीरामपूरच्या त्या हायस्कूलात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली सोळा वर्षं तिच्या घंटेवर. एक वेळ सोडली तर ती घंटा कधी मिनिटभर मागंपुढं झाली नाही. मुख्याध्यापकांचं घड्याळ मागं पडलं की ते तिला विचारून लावत. उंच, काटक बाई. चालताना साडीचा घोळ एका हातात धरायची, त्यामुळे नेहमी कुठंतरी पाणी ओलांडून चालल्यासारखी दिसायची.

तिची एक सवय होती. लहान सुट्टीची घंटा दिली की हातोडा खुंटीला अडकवायचा आणि तोच हात कमरेच्या पिशवीकडे जायचा. पिशवीत बामची रिकामी डबी, डबीत मिश्री. पाण्याच्या टाकीमागं उभं राहून बोटानं दातांना लावायची, जरा वेळ तशीच थांबायची, मग चूळ भरून कामाला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी भुकटी आमच्याकडं घरोघरी असते.

प्रयोगशाळेत प्लास्टरचा एक मेंदू होता, तुकडे सुटे होणारा. दर शनिवारी ती तो फडक्यानं पुसायची आणि पुन्हा जुळवून ठेवायची. दहावीतल्या मुलांकडून लहान मेंदू हमखास उलटा बसायचा. तिच्याकडून कधी नाही.

१९९६च्या जूनमध्ये पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक शाळेत आलं. ‘व्यसन आणि मेंदू’ नावाचा टपाली अभ्यासक्रम. महिन्याला एक अशा सहा पुस्तिका, प्रत्येकीच्या शेवटी प्रश्न, उत्तरं लिहून परत पाठवायची, तपासून येणार. शिक्षकांनी लाभ घ्यावा असं लिहिलं होतं. भागिरथीनंच ते फलकावर टाचणीनं लावलं. आठवडाभर आम्ही शिक्षक त्याच्यासमोर उभं राहून चहा प्यायलो. शनिवारी ती मेंदू पुसता पुसता म्हणाली, “बाई, शिपायाला चालतो का हो ह्यो कोर्स?”

तिनं बाहेरून दहावी केली होती, त्यामुळे चालणार होता. मी विचारलं, कशासाठी?

“म्हेंदरासाठी,” ती म्हणाली आणि मेंदूचा हातातला तुकडा जागेवर बसवला.

महेंद्र तिचा धाकटा भाऊ. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी जन्मला, म्हणून वडिलांनी त्याला सम्राट अशोकाच्या मुलाचं नाव दिलं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, भागिरथी चौदाची. त्याला तिनंच वाढवलं. तिचं लग्न झालं, तिच्या बाविसाव्या वर्षी नवरा वारला, ती परत त्याच घरात आली. घर पाटाच्या पलीकडं वस्तीवर, दोन खोल्यांचं. महेंद्र जवळच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होता. मोठ्या बंद भांड्यात रस शिजत असतो, त्यात साखरेचा दाणा धरतो, तो कधी पुरता झाला हे ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. भांड्यातला थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडाकडं धरायचा आणि बघायचं. एवढंच काम, पण ते चुकलं तर सगळा पाक बिघडतो. महेंद्रची नजर कारखान्यात नावाजलेली होती.

मात्र गेली काही वर्षं काचेची पट्टी त्याच्या हातात थरथरायची. घोटभर घेतली की हात थांबायचा. म्हणून कामाच्या आधी घ्यायची, मग कामानंतर, मग मधेही. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. गेल्या हंगामाच्या शेवटी त्याला लेखी समज मिळाली होती: पुढच्या हंगामात प्यायलेला दिसला तर पॅनवर उभं राहू देणार नाही. हंगाम दसऱ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सुरू व्हायचा. भागिरथीच्या हातात तेवढाच वेळ होता.

दारू पिऊन तो कधी कुणाच्या अंगावर गेला नाही. पण वस्तीवर त्याच्याबद्दल राग होता, आणि त्याचं कारण निराळं होतं. पौर्णिमेला विहारात वंदना होते. पुढं उभे राहणारे रंगनाथदादा, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, एकेक शील म्हणतात आणि बाकीचे मागून म्हणतात. महेंद्र दाराजवळ, शेवटच्या रांगेत असायचा. आवाज त्याचा वस्तीत सगळ्यांत गोड. चार शिलं तो खणखणीत म्हणायचा. मद्य आणि नशेच्या वस्तूंपासून दूर राहण्याचं पाचवं आलं की तोंड मिटून घ्यायचा. त्याचा आवाज थांबला की सगळ्यांना कळायचं. रंगनाथदादांना तो उद्धटपणा वाटायचा. बाकीचे पिणारे निदान म्हणत तरी होते.

भागिरथीनं एकदा त्याला विचारलं, सगळ्यांबरोबर ओठ हलवायला तुझं काय जातं? तो म्हणाला, “चौथं खोटं न बोलायचं हाय, आक्का. ते म्हनून झालं की लगीच पाचवं कसं म्हनू?”

हे सांगताना तिला त्याचा राग होता की अभिमान, ते मला कळलं नाही. तिलाही ठरवता येत नसावं.

अभ्यासक्रमाच्या अर्जावर हुद्द्याच्या जागी आम्ही ‘शालेय कर्मचारी’ लिहिलं आणि पत्ता शाळेचा दिला. पहिली पुस्तिका जुलैत आली. शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत बसायची, पुस्तिका आणि मेंदू शेजारी शेजारी ठेवून. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि शेवटी सगळे मिळून विचारायची. एकदा विचारलेला शब्द तिनं पुन्हा विचारला नाही. दुसऱ्या पुस्तिकेत मेंदूतल्या त्या भागाविषयी होतं, जो एखाद्या गोष्टीवर ‘हे चांगलं, पुन्हा कर’ असा शेरा मारतो, आणि दारू त्या भागाला कशी फसवते. ते वाचून तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हंजी तो हलकट न्हाई.” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मी त्याला लई वेळा हलकट म्हनलं.”

त्या पुस्तिकेत एक प्रश्न होता: सवय मनाच्या आधी कशी धावते, उदाहरण द्या. तिनं लिहिलं, ‘शाळा सुटायची लांब घंटा दिली की पोरांचे हात दप्तराकडे आधी जातात, मन मागून जाते. माझ्या भावाचे कारखान्याच्या भोंग्याला तसेच होते.’ लाल शाईत दहापैकी नऊ गुण आले आणि बाजूला शेरा, ‘उदाहरण उत्तम.’ तो कागद तिनं मुख्याध्यापकांनाही दाखवला. मीही वर्गात ते उदाहरण वापरलं. तिच्या कमरेच्या पिशवीकडं जाणारा हात रोज डोळ्यांसमोर असून तेव्हा मला तो आठवला नाही.

तिसरी पुस्तिका सप्टेंबरात आली. शरीर दारूला कसं सरावतं, आधी दोन पेल्यांनी जे व्हायचं त्याला मग चार का लागतात, असं त्यात होतं. शेवटचा प्रश्न असा: तुमच्या ओळखीतल्या व्यसनी माणसासाठी तुम्ही काय कराल? भागिरथीनं पानभर लिहिलं. शिकलेली गोष्ट विसरता येते, मात्र जुनी वाट पुरती बुजवावी लागते, म्हणून दसऱ्याला विहारात सगळ्यांसमोर भावाकडून पाचवं शील म्हणून घेणार, आणि त्या दिवसापासून एक थेंबही घेऊ देणार नाही. मी ते उत्तर वाचलं. एका शब्दाचं ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. बाकी मला ते छान वाटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

चौथ्या पुस्तिकेचं नाव तिसरीच्या मागच्या पानावर छापलं होतं: ‘व्यसन सोडताना’. ती दसऱ्याआधी यायची होती. आली नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी विहार भरला होता. महेंद्र दाढी करून, पांढरा सदरा घालून आला आणि बहिणीच्या सांगण्यावरून पुढच्या रांगेत उभा राहिला. चार शिलं झाली. रंगनाथदादांनी पाचवं म्हटलं आणि थांबले. सगळेच थांबले. मग एकट्या महेंद्रचा आवाज आला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. रंगनाथदादांनी त्याला छातीशी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येऊन भागिरथीनं मला हे सांगितलं आणि चार दिवसांची रजा टाकली. त्याच्याजवळ बसून राहायचं होतं. तोंडभर हसत होती. काळे पडलेले तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा इतके स्पष्ट पाहिले.

शाळेचं टपाल उघडणारी, वाटणारी भागिरथीच. ती रजेवर, तेव्हा ते काम दुसऱ्या शिपायाकडं, बन्सीकडं आलं. बन्सी माणूस भला. तिच्या नावाचं जाड पाकीट आलेलं त्यानं पाहिलं आणि हरवू नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलं, भागिरथीबाई आल्या की देऊ म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खडू मागायला गेले तेव्हा कपाट उघडलं आणि पाकीट दिसलं. शेवटचा तास मोकळा होता. वाटलं, तिला आनंद होईल, आपणच नेऊन द्यावं.

पाटाचा पूल ओलांडला तेव्हाच तिच्या दारात माणसं दिसली.

आत महेंद्र खाटेवर बसला होता. अंगातून घाम निथळत होता, हात खांद्यापासून हलत होते. तो चादरीवरून काहीतरी वेचत होता. वेचलेलं अंगठ्याच्या नखावर ठेवायचा, दाराच्या उजेडाकडं धरायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि टाकून द्यायचा. चादरीवर काही नव्हतं. “दाना बारीक धरलाय,” तो कुणाला तरी सांगत होता. “वाफ कमी करा. कुनी ऐकत का न्हाई?” मी समोर उभी होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मला तो ओळखत होता, पण मी त्याला दिसले नाही.

पहिल्या दिवशी नुसती मळमळ होती. दुसऱ्या दिवशी अंग कापायला लागलं आणि झोप उडाली. सकाळपासून हे. प्रत्येकाकडं त्याचं काही ना काही कारण होतं. शेजारच्या छबूबाईंचं म्हणणं, कुणाची तरी नजर लागली, सगळ्यांपुढं एवढा चांगला आवाज कशाला लावायचा. रंगनाथदादा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचं म्हणणं, यानं चोरून घेतलीय, शील मोडलंय, आणि आता सोंग करतोय. भागिरथी म्हणाली की मी तीन दिवस याच्या उशाशी आहे, तुम्ही तोंडाचा वास घेऊन बघा. त्यांनी वाकून वास घेतला. काही नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते मागं हटले नाहीत.

महेंद्रबरोबर कारखान्यात असलेला मच्छिंद्र सदऱ्याखाली बाटली घेऊन आला होता. तो हळू आवाजात एकच सांगत होता, “आक्का, घोटभर पाजा. आत्ता शांत व्हईल. मी बघितलंय असं.” रंगनाथदादा म्हणाले, विहारात शब्द दिलाय त्यानं. भागिरथी दोघांच्या मधे उभी होती. तिच्या हातात ओलं फडकं होतं आणि ते कुठं ठेवावं तेही तिला सुचत नव्हतं.

मी पाकीट पुढं केलं. का केलं, सांगता येणार नाही. तिनं ते फाडलं. वर चौथी पुस्तिका होती, खाली तिसऱ्या पुस्तिकेतलं तिचं तपासलेलं उत्तर. पानभर मजकुरावर एक तिरपी लाल रेघ होती, आणि खाली आधीच्या शेऱ्याचंच वळणदार अक्षर: ‘असे करू नका. अनेक वर्षांची दारू एकाएकी तोडली तर मेंदू खवळतो. झटके येतात, भास होतात, माणूस दगावू शकतो. आधी डॉक्टरांकडे न्या. सोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय काही करू नये.’

तिनं ते मोठ्यानं वाचलं, शाळेत सूचना वाचावी तसं. ‘दगावू’ शब्दाशी अडखळली नाही. मग कागदाची घडी करून मच्छिंद्रला म्हणाली, “बाटली ऱ्हाऊ दे. टेम्पो आन.”

टेम्पोत मागं महेंद्रचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी पाय धरले होते. रंगनाथदादा येऊन पाठीमागं बसले. रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा त्याला झटका आला. सगळं अंग ताठ झालं, दात आवळले गेले. ती त्याला कुशीवर वळवून धरून होती आणि एकसारखी म्हणत होती, “मीच केलं, म्हेंदरा. मीच केलं.” फाटक उघडायला लागलेल्या वेळाइतका लांब वेळ मला आयुष्यात दुसरा कुठला वाटला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी किती वर्षं, रोज किती, एवढं विचारलं. मग विचारलं, बंद कुणी केली?

“मी,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दोन दिवस त्याचं काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाणी मागितलं आणि हाक मारताना “आक्का” म्हणाला. मी त्या दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, गाल आत गेलेले, डोळे मात्र जागेवर. भागिरथी खाली सतरंजीवर चौथी पुस्तिका वाचत होती. पेन्सिल नव्हती, म्हणून नखानं रेघा मारत होती. तेवढ्यात भेटीची वेळ सुरू झाल्याची घंटा वाजली. तिचा हात कमरेकडं गेला. पिशवी चाचपली, पुस्तिका पालथी ठेवली आणि ती उठली.

“बाई, बघा,” महेंद्र मला म्हणाला. आवाज फाटका होता, तरी त्यात जुनी थट्टा होती. “सकाळधरनं बघतोय. घंटा झाली की चालली टाकीमागं. मला म्हनती, तुजा मेंदू सरावलाय.” मग बहिणीकडं बघून, “तुजा न्हाई का गं?”

ती दारात थांबली. मग बाहेर गेली. पण लवकर परत आली, आणि चूळ भरलेली दिसली नाही.

बारा दिवसांनी तो घरी आला. कारखान्यात उसाची पहिली मोळी पडून हंगाम सुरू झाला होता, पॅनवर दुसरा माणूस उभा होता. त्याला गोदामात, पोत्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर घेतलं. हात आता थरथरत नव्हते आणि बघायला दाणा नव्हता. तो तक्रार करायचा नाही. कामाला सुट्टी असेल त्या दिवशी मात्र आमच्या शाळेत यायचा आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत उभं राहून एखादी काचपट्टी उजेडाकडं धरायचा, रिकामीच.

जानेवारीत तो पुन्हा प्यायला. आठवड्यात दोनदा. दुसऱ्या वेळी स्वतःच घरी येऊन दारात बसला आणि बहिणीला म्हणाला, “आक्का, घेतली मी.” आधी त्यानं असं कधी सांगितलं नव्हतं. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि सकाळी डॉक्टरांकडं नेलं. रंगनाथदादांनी सुचवलं की पुन्हा एकदा सगळ्यांसमोर म्हणून घेऊ. तिनं नको म्हटलं. ते म्हणाले, मग त्याला वचक कसला? ती म्हणाली, “दादा, वचकानं त्यो दारापर्यंत बी आला नसता.”

त्या दिवसांत एका शनिवारी तिनं मला विचारलं, मिश्रीचं पुस्तिकेत कुठं आहे? सहाव्या पुस्तिकेत तंबाखूवर अर्धं पान होतं. मी दाखवलं. तिनं वाचलं आणि मेंदू पुसायला घेतला. म्हणाली, चार दिवस डबी घरी ठेवून आले. डोकं ठणकलं, पोरांवर खेकसले, एका घंटेला उशीर केला. ते खरं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुख्याध्यापकांनी तिला घड्याळ दाखवलं होतं. पाचव्या दिवशी डबी परत कमरेला आली होती.

फेब्रुवारीत प्रमाणपत्र आलं. रंगनाथदादांना वाटलं, वस्तीतली बाई मेंदूचा अभ्यास करून पास झाली, तिचा विहारात सत्कार करावा. माघ पौर्णिमेला मलाही बोलावलं. भागिरथी माझ्या शेजारी उभी होती, फिकट निळ्या साडीत, हातात गुंडाळलेलं प्रमाणपत्र. महेंद्र मागं दाराजवळ होता. वंदना सुरू झाली. रंगनाथदादा म्हणायचे, मागून सगळे. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं म्हणताना महेंद्रचा आवाज मागून स्वच्छ ऐकू येत होता.

मग पाचवं. मागचा आवाज थांबला, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारचाही. मी वळून पाहिलं. ती समोर बघत होती, ओठ मिटलेले. पुढं रंगनाथदादांची मान किंचित वळली. ज्या बाईचा सत्कार करायचा तिचाच आवाज त्यांना ऐकू आला नव्हता. ते क्षणभर थांबले. मग पुढची गाथा त्यांनी सुरू केली, जरा हळू आवाजात.

सत्कार झाला. शाल घेताना तिची नजर वर गेली नाही. बाहेर महेंद्र आमच्या चपला काढून, जोड लावून उभा होता. ती चप्पल घालत असताना तो म्हणाला, “आक्का, आता दोगं झालो.”

“व्हय,” ती म्हणाली. “पन मागं नगं उभा ऱ्हाऊ. पुढच्या पुनवेला माज्याजवळ ये.”

पुढच्या पौर्णिमेला तो तिच्याजवळ उभा राहिला, असं तिनं मला सांगितलं. दोघंही पाचव्याला थांबले. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला तो आला नव्हता, आणि कुठं आहे हे तिला माहीत नव्हतं. हे तिनं सोमवारी सकाळी सांगितलं, हातोडा हातात घेऊन. बोलता बोलता तिची नजर घड्याळाकडं होती. वेळ झाली तशी ती गेली आणि तिनं घंटा दिली. हात कमरेपर्यंत गेला, तिथं थोडा वेळ थांबला. मग तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि रस्त्याकडं बघत उभी राहिली.